ल्यूथरनांच्या वेदीपुढे पाहुणे

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर आणि महाड मागे टाकते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तिच्या या मुखाशी, बाणकोटला, १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पाद्री येऊन राहिले. बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शिकून, शाळा काढून ही मंडळी पुढे पुण्या-मुंबईकडे सरकली. कोकणच्या या पट्ट्याला प्रॉटेस्टंट उपासनेची पहिली ओळख त्यांच्याकडून झाली. ती उपासना कॅल्व्हिनच्या शिस्तीतली, म्हणजे अगदी साधी होती. वेदी नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही. स्तोत्रांचे गायन, दीर्घ प्रार्थना आणि त्याहूनही दीर्घ प्रवचन. तिकडे घाटावर अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने जो पंथ रुजवला, तोही या बाबतीत स्कॉटिश मंडळींचा चुलतभाऊच.

मराठी कॅथलिक माणसाच्या मनात ‘प्रॉटेस्टंट’ या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते ते असे तयार झाले आहे. उघड्या भिंती, मध्ये एक व्यासपीठ आणि त्यावर बोलणारा काळ्या झग्यातला पाद्री. हे चित्र खोटे नाही. पण ते ज्याच्या नावावर आपण खपवतो त्या मार्टिन ल्यूथरच्या पंथाला ते लागू पडत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. याचे एक कारण असेही असावे, की मुंबई-पुणे मिशनची घडी ज्या जेज्विट धर्मगुरूंनी बसवली ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत बव्हंशी जर्मन होते. १८७२ साली बिस्मार्कच्या राजवटीत जेज्विट संघाला जर्मनीतून बाहेर काढणारा कायदा झाला. ल्यूथरच्या देशातून, ल्यूथरच्या अनुयायांच्या सरकारने हद्दपार केलेल्या माणसांनी आपल्या आजोबा-पणजोबांना ल्यूथरविषयी मायेने सांगावे, अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

आज मात्र हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीने नोकरीसाठी देशाच्या नाना भागांतली माणसे आपल्या परिसरात आणली. तमिळनाडू, आंध्र किंवा झारखंडकडून आलेला ख्रिस्ती शेजारी ल्यूथरन असण्याचा संभव बराच असतो, कारण त्या तिन्ही प्रदेशांत ल्यूथरन मंडळ्या जुन्या आणि मोठ्या आहेत. आपली मुले शिक्षणासाठी मुंबईला जातात, तिथे मैत्री होते, लग्ने जमतात. मग एक दिवस निमंत्रण येते, कधी बाळाच्या बाप्तिस्म्याचे, कधी विवाहाचे, कधी नुसतेच रविवारच्या उपासनेचे. घरात चर्चा सुरू होते. जावे का? तिथे काय असते? गुडघे टेकायचे की नाही? आणि सर्वांत नाजूक प्रश्न, जो शेवटी कोणीतरी हळूच विचारतो: ख्रिस्तप्रसाद घ्यायचा का?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका मराठी राजघराण्याची गाठ पडते, आणि तीही रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना परके वाटू नये अशा घराण्याची.

रायगड महाड तालुक्यातला. तेथे राज्याभिषेक झालेल्या शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य उभे केले. त्या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे एक लहान बंदर डेन्मार्कच्या लोकांकडे होते. १६२० साली तंजावरच्या नायक राजाकडून त्यांनी ते मिळवले होते, आणि नायकांचे राज्य जाऊन मराठ्यांचे आल्यावर ते त्याचा वार्षिक खंड मराठी राजाला देत असत. ९ जुलै १७०६ रोजी याच बंदरात बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लूत्शाऊ हे दोन तरुण जर्मन पाद्री उतरले. भारतातले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशन, आणि ते ल्यूथरन होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी एक लहान चर्च बांधले. ऑक्टोबर १७१८ मध्ये उघडलेले त्यांचे ‘न्यू जेरुसलेम’ चर्च आजही उभे आहे आणि तेथे आजही उपासना होते. म्हणजे भारतातल्या पहिल्या ल्यूथरन मिशनची वेदी मराठी राजाला खंड देणाऱ्या भूमीवर उभी राहिली.

झीगेनबाल्गविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. तमिळ भाषेत प्रार्थना कशी म्हणावी, कृपा, संस्कार, आत्मा यांना कोणते शब्द वापरावेत, हे तो बऱ्याच अंशी आधीच्या कॅथलिक मिशनरींच्या तमिळ पुस्तकांतून शिकला. पोपच्या पंथावर तो कडाडून टीका करी, पण त्याच्या प्रार्थनेतले शब्द मात्र जेज्विटांनी घडवलेले होते. घर वेगळे केले तरी भांडी जुन्याच स्वयंपाकघरातली, तसे हे झाले.

या परंपरेतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ. १७२६ साली प्रशियात जन्मलेला, १७५० साली भारतात आलेला आणि पुन्हा कधीही मायदेशी न गेलेला हा अविवाहित पाद्री तंजावरच्या तुळजाजी राजांचा विश्वासू झाला. दरबारातले अधिकारी मराठी. त्यांना तमिळ नीट कळत नसे. म्हणून श्वार्त्झने उतारवयाकडे झुकत असताना मराठीचा अभ्यास केला आणि आपण तमिळात लिहिलेला एक धर्मविषयक संवाद मराठीत आणला. १७७९ साली इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला त्यालाच पाठवले. पुढच्या युद्धात दुष्काळ पडला तेव्हा धान्य विकायला तयार नसलेले शेतकरी श्वार्त्झच्या शब्दावर धान्य देत. १७८७ साली मृत्युशय्येवर असताना तुळजाजींनी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा याच पाद्र्याच्या हवाली केला. तो मुलगा म्हणजे सरफोजी, दुसरे सरफोजीराजे. चुलत्याच्या जाचातून त्याला सोडवणे, मद्रासला नेऊन त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावणे, गादीवरचा त्याचा हक्क इंग्रजांपुढे मांडणे, हे सर्व श्वार्त्झने केले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्झ वारला. सरफोजी अंत्यविधीला आला, रडला, शवावर त्याने जरीचे वस्त्र घातले आणि थडग्यापर्यंत तो चालत गेला. वाटेत गीत म्हणण्याचे ठरले होते, पण गोरगरिबांच्या आक्रोशात ते म्हणताच आले नाही, असे तेथे हजर असलेल्या सहकारी पाद्र्याने लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी गादीवर आलेल्या सरफोजीने श्वार्त्झच्या थडग्यावरच्या शिळेसाठी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या आणि लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणोन्मुख पाद्री आणि त्याचा हात धरलेला मराठी राजा, असे ते शिल्प आहे. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते पाहायला मिळते.

सरफोजीने बाप्तिस्मा कधी घेतला नाही. तो शिवभक्त राहिला, बृहदीश्वराच्या भिंतीवर त्याने आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, देवनागरी छापखाना काढून १८०६ साली ‘बाळबोध मुक्तावळी’ हे मराठी पुस्तक छापवले. श्वार्त्झनेही त्याच्या पोरकेपणाचा फायदा घेऊन त्याच्यावर धर्म लादला नाही. दुसऱ्याच्या देवघराच्या उंबरठ्यावर आदराने उभे राहणारा हा आपल्या भाषेतला पहिला मोठा पाहुणा म्हणावा लागेल. ल्यूथरन चर्चमध्ये प्रथमच जाणाऱ्या कॅथलिक कुटुंबाचे नाते त्या वेदीशी अर्थातच याहून पुष्कळ जवळचे आहे.

त्या काळच्या उपासनेचे एका पाहुण्याने केलेले वर्णनही उपलब्ध आहे. १८०६ साली क्लॉडिअस ब्यूकॅनन हा ब्रिटिश पाद्री तंजावरला आला आणि श्वार्त्झचा शिष्य कोलहॉफ याची तमिळ उपासना त्याने पाहिली. प्रवचन चालू असताना काही श्रोते हातातल्या ताडपत्रावर लोखंडी लेखणीने ते भराभर उतरवून घेत होते. सावकाश बोललो तर यांतले अनुभवी लोक माझा एकही शब्द गाळत नाहीत, असे कोलहॉफने त्याला सांगितले. प्रवचन हे ल्यूथरन उपासनेत किती मानाचे असते, ते यावरून कळावे. आपल्या मिस्सामध्ये बारा मिनिटांच्या वर प्रवचन गेले की घड्याळाकडे नजरा वळतात. तिथे अर्धा तास हा नेहमीचा हिशेब असतो, हे जाणाऱ्याने मनात धरून जावे.

आता आत शिरू. तमिळ पद्धतीच्या अनेक चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढतात आणि पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात. आपल्या कोकणी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. समोर पाहिले की मात्र नवल वाटते, कारण समोर वेदी असते. वेदीवर पांढरे वस्त्र, मेणबत्त्या, क्रूस. पुष्कळ ठिकाणी त्या क्रूसावर प्रभूची मूर्तीही. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांना जांभळा रंग, पास्काला पांढरा, पेंटेकॉस्टला तांबडा. चर्चचे वर्ष जवळजवळ आपल्याच वर्षासारखे चालते. तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च ही झीगेनबाल्गची वारस संस्था १९१९ साली स्वतंत्र झाली. तिच्या प्रमुखाला आजही ‘तरंगंबाडीचे बिशप’ म्हणतात, आणि १९२१ सालचे पहिले बिशप स्वीडनचे होते. स्वीडिश ल्यूथरनांनी बिशपपदाची परंपरा आणि मिस्साची वस्त्रे टाकून दिली नाहीत. इतकेच काय, रविवारच्या मुख्य उपासनेला ते अजूनही आपल्या भाषेत ‘मोठी मिस्सा’ याच अर्थाचा शब्द वापरतात.

याचा उलगडा इतिहासात होतो. ल्यूथरने मिस्सा मोडली, असे आपण ऐकत आलो. त्याने ती मोडली नाही, तिची काटछाट केली. १५२३ साली त्याने लॅटिन मिस्साची आणि १५२६ साली जर्मन मिस्साची मांडणी प्रसिद्ध केली. अर्पणाच्या ज्या प्रार्थनांत मिस्सा हा आपण देवाला वाहिलेला बली आहे असे म्हटले होते, त्या त्याने काढल्या. प्रभूचे स्थापनेचे शब्द ठेवले. लोकांना समजेल अशी भाषा आणि लोकांनी स्वतः म्हणायची गीते आणली. विटेनबर्गला तर भाकर आणि प्याला उंचावण्याची आपली पद्धत १५४२ पर्यंत चालू होती. १५३० सालच्या ऑग्सबर्गच्या विश्वासपत्रिकेत ल्यूथरनांनी स्पष्टच लिहिले की आम्ही मिस्सा बंद केल्याचा आरोप खोटा आहे. बलीचा भाग काढल्यावर उरते ती मिस्साच का, हा वाद कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या महासभेत ठामपणे मांडला गेला, आणि तो क्षुल्लक नव्हता. पण तो वाद एकाच घरातला होता, हे विसरता येत नाही.

म्हणून उपासना सुरू झाली की पाहुण्याला आपण कुठे आहोत ते पावलोपावली कळत जाते. आरंभी पापांची सामुदायिक कबुली होते, आणि त्यानंतर पाळक प्रभूच्या नावाने पापक्षमा घोषित करतो. ती आपल्यापेक्षा अधिक ठासून केली जाते. मग दयायाचना, गौरवगीत, शास्त्रवाचन आणि शुभवर्तमानाला उभे राहणे. प्रवचनाच्या आसपास विश्वासांगीकार. तो म्हणताना जर्मन वळणाच्या मंडळ्यांत ‘कॅथलिक ख्रिस्तसभा’ या ठिकाणी ‘ख्रिस्ती सभा’ असे शब्द येतात. कान टवकारतील, पण रागावण्याचे कारण नाही, ही रूढी जर्मन भाषेत ल्यूथरच्याही आधीची आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना आपण ‘वाइटापासून सोडव’ येथे सवयीने थांबतो. ते थांबत नाहीत. राज्य, सामर्थ्य आणि वैभवाची ओळ एका दमात पुढे म्हणून टाकतात. नवखा कॅथलिक ओळखावा तो इथेच!

गाणे मात्र तयारीनिशी ऐकावे. चार-पाच गीते, आणि ती सर्व कडव्यांनिशी. गायकवृंद गातो आणि इतर ऐकतात हा प्रकार नाही. म्हाताऱ्या बायकाही पुस्तक न उघडता गातात. तमिळ चर्चमध्ये जर्मन चालींबरोबर कर्नाटकी रागांतली कीर्तने असतात. त्यांतली कित्येक वेदनायगम शास्त्री या श्वार्त्झच्या शिष्याची आहेत, आणि त्याला दरबारी कवी म्हणून आश्रय दिला तो पुन्हा सरफोजीराजांनीच.

काय दिसणार नाही, तेही सांगितले पाहिजे. संतांची मध्यस्थी मागणारी प्रार्थना नसते, जपमाळ नसते, मृतांसाठी मिस्सा नसते, पवित्र पेटी आणि तिच्यापुढचा अखंड दिवा बहुधा नसतो. मरियामातेचे नाव आदराने घेतात. ल्यूथरने तिच्या स्तोत्रगीतावर १५२१ साली सुंदर विवरण लिहिले आहे. पण तिला हाक मारत नाहीत. काही मंडळ्यांत पाळक स्त्री असते. चर्चमध्ये शिरताना आपला गुडघा सवयीने टेकला आणि कोणी पाहिले, तर संकोचू नये. क्रूसाची खूण तर ल्यूथरने आपल्या लहान प्रश्नोत्तरीत रोज सकाळ-संध्याकाळ करायला सांगितली आहे.

यानंतर येतो प्रभुभोजनाचा भाग. वेदीच्या कठड्याशी लोक रांगेने गुडघे टेकतात, भाकर घेतात आणि मग प्याला. ‘हे माझे शरीर आहे’ या शब्दांवर ल्यूथर अखेरपर्यंत ठाम होता. १५२९ साली मारबुर्गला स्विस सुधारक झ्विंग्लीशी चर्चा झाली तेव्हा त्याने ते शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले आणि त्यांवरून तो हटला नाही. बाणकोटच्या स्कॉटिश पाद्र्यांपेक्षा या मुद्द्यावर तो आपल्याला अधिक जवळचा आहे. आणि प्याला सर्वांना मिळावा हा त्याचा आग्रह आपल्या चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत, १९६३ साली, काही प्रसंगांपुरता मान्य केला.

पण प्याल्याचा इतिहास इथेच संपत नाही, आणि महाडच्या वाचकाला तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. तंजावर-तरंगंबाडीच्या ल्यूथरन मंडळ्यांत जातीनुसार बैठका वेगळ्या होत्या, आणि प्याला आधी कोणी ओठांना लावायचा, मागून कोणी, यावरून एका वेदीपुढे दोन रांगा पडत. तोपर्यंत इंग्रजी चर्चच्या ताब्यात गेलेल्या तंजावरच्या मंडळीत १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन यांनी हा भेद ताबडतोब थांबवण्याचा हुकूम काढला. तेव्हा पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले, आणि त्यांतले कित्येक पुढे जर्मन ल्यूथरनांकडे परतले, कारण तिथे या बाबतीत नरमाई होती. वर उल्लेखिलेले वेदनायगम शास्त्री, इतका मोठा भक्तकवी, पण जातीच्या बाजूनेच उभे राहिले. आपण कॅथलिकांनी यावर बोट दाखवू नये. तमिळ देशातल्या वडक्कन्‌कुलमच्या आपल्याच चर्चमध्ये जातीजातींच्या मध्ये भिंत होती. एका प्याल्याला लागलेले ओठ आणि एका तळ्यात बुडालेली ओंजळ यांत फरक तो किती? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा जो प्रश्न विचारला गेला तो आपल्या वेदीच्या कठड्याशी शंभर वर्षे आधी येऊन उभा होता, आणि तिथे त्याला मिळालेले उत्तर अभिमानाचे नव्हते.

आता त्या नाजूक प्रश्नाकडे येतो. आपल्या आजोबांच्या काळी असल्या उपासनेत सहभागी होणेच निषिद्ध होते. १९१७ च्या धर्मसंहितेत तसे कलम होते. १९६४ सालच्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशाने ही वाट मोकळी केली, आणि १९९३ च्या रोमच्या मार्गदर्शिकेत तर पाहुण्या कॅथलिकाने त्या चर्चची स्तोत्रे, प्रतिसाद आणि गीते त्यांच्याबरोबर म्हणावीत, असे उत्तेजन दिले आहे. सांगितल्यास शास्त्रवाचनही करता येते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी कृपेने मिळणाऱ्या नीतिमत्त्वाविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या मुद्द्यावरून घर फुटले त्याच मुद्द्यावर मूलभूत एकमत झाले. २०१६ साली त्याच दिवशी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्वीडनच्या लुंड कॅथिड्रलमध्ये ल्यूथरनांबरोबर प्रार्थना केली. एवढे सर्व झाले, तरी ख्रिस्तप्रसाद त्यांच्या वेदीवर घेण्याची मुभा कॅथलिकाला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतले ८४४ वे कलम ज्यांच्या चर्चमध्ये गुरुदीक्षेचा संस्कार वैध आहे त्यांच्यापुरतीच अशी वाट ठेवते, आणि ल्यूथरन पाळकाच्या दीक्षेविषयी आपल्या चर्चने तसे मानलेले नाही.

ज्या घरात नवरा कॅथलिक आणि बायको ल्यूथरन, त्या घरात हे कलम दर रविवारी दुखते. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर २०१५ मध्ये रोमच्या ल्यूथरन चर्चला भेट द्यायला गेले, तेव्हा कॅथलिक पुरुषाशी लग्न झालेल्या एका ल्यूथरन स्त्रीने उभे राहून नेमके हेच विचारले: आम्ही दोघे एकत्र भोजनाला कधी बसणार? पोपनी नियम बदलला नाही आणि तिला परतही लावले नाही. एक बाप्तिस्मा, एक प्रभू, असे सांगून त्यांनी प्रभूशी बोला आणि पुढे चला, अशा अर्थाचे उत्तर दिले, आणि याहून अधिक बोलण्याचे धाडस मी करणार नाही, असे म्हणून ते थांबले. त्या थांबण्यावर धर्मपंडितांनी नंतर पानेच्या पाने लिहिली.

शेजाऱ्याच्या निमंत्रणाला जाणाऱ्याने निदान इतके करावे. आदल्या दिवशी यजमानाला सांगून ठेवावे की आम्ही येऊ, गाऊ, प्रार्थना करू, पण प्रभुभोजन घेणार नाही. त्याला वाईट वाटले तर ते आपल्यालाही वाटते, हेही सांगावे. रांग पुढे सरकेल तेव्हा बाकावर गुडघे टेकून बसावे. काही मंडळ्यांत हात छातीवर घेऊन कठड्याशी गेल्यास पाळक मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो. तशी पद्धत आहे का, ते आधी विचारून घ्यावे. वर्गणीची पिशवी येईल तेव्हा तिच्यात काहीतरी टाकावे. रविवारच्या मिस्साचे आपले कर्तव्य या उपासनेने पुरे होत नाही, तेव्हा ती मिस्सा शनिवारी सायंकाळी किंवा त्याच दिवशी चुकवू नये. आणि शेवटचे गीत सर्व कडव्यांनिशी संपेपर्यंत बाहेर पडू नये.